किनोआचं सातवं पाणी

तीस वर्षं रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात काढल्यावर माणसाला थोडा माज येतोच, तसा मलाही होता. आहारतज्ज्ञ बाईंनी किनोआ नावाच्या बारीक परदेशी धान्याची पिशवी पुढ्यात ठेवली तेव्हा मी म्हणालो, "हे पाखरांना घालायचं की माणसांना?"

"तुमच्या ताईंना," त्या म्हणाल्या.

जिनं मला लहानाचं मोठं केलं ती ताई वरच्या मजल्यावरच्या वॉर्डात होती. गहू तिच्या आतड्यांना सोसत नव्हता, दूध-अंडं पोटात ठरत नव्हतं. अंगात ताकद आल्याशिवाय दुसरं ऑपरेशन करता येणार नाही, असं सर्जननी स्पष्ट सांगितलं होतं.

"शरीराला अन्नातूनच घ्यावी लागतात ती नऊच्या नऊ अमिनो आम्लं यात आहेत, काका. शिवाय लोह. आणि गव्हातलं जे त्यांना चालत नाही, ते यात नाही."

मी तांदळासारखा एकदाच विसळला आणि शिजवला. ताईनं घास घेतला तसा थुंकला. "कडू जहर! बारक्या, जीव घेतोस का माझा?" तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं ते फिरवलंच.

बाईंनी कपाळाला हात लावला. "चोळून नाही धुतलात? दाण्यावर कडू थर असतो."

असा राग आला मला स्वतःचा! दुसऱ्या दिवशी बारीक गाळणीत घेऊन चोळायला लागलो, तर साबण लावल्यासारखा फेस. सातव्या पाण्याला तो गेला. शिजल्यावर झाकण काढलं आणि बघतच राहिलो. दाणे काचेसारखे झाले होते आणि प्रत्येकाच्या कडेनं पांढरं शेपूट सुटलं होतं. तो दाण्यातला कोंब, बाई म्हणाल्या. एवढ्याशा कोंबासाठी केवढी शिदोरी बांधून ठेवलेली! जन्मभर धान्य शिजवलं, पण पाहिलं कधीच नव्हतं.

ताई तोंड उघडेना. मी तिच्यासमोर आधी चार घास खाल्ले, तेव्हा कुठे तिनं एक चमचा घेतला. मग दुसरा.

एका वाडग्यानं कुणी उठून बसत नाही, हे मलाही कळतं. पण वाडगा रोज रिकामा येऊ लागला, वजन हळूहळू वाढलं आणि तिसऱ्या आठवड्यात सर्जननी तारीख दिली.

मी धावतच वर गेलो. ताई उशीला टेकून आपल्या हातानं खात होती. तारीख ऐकूनही तिनं चमचा खाली ठेवला नाही.

"बरं," ती म्हणाली, "मग आणखी एक वाटी आण."