बोट पाण्यात उतरवण्याच्या सात अटी

एक गाळणी, दोन कप. तिसरा कप पाहुण्यासाठी असतो, आणि सहा मीटरच्या बोटीवर पाहुणा आला तर तो एक तर मांडीवर बसणार, नाही तर पाण्यात.

"क्लच. आधी क्लच. रडायचं नंतर."

कपाट फुकट आहे. नेणाऱ्याने जिना आधी स्वतः बघून जावा, मग तक्रार चालणार नाही.

पाच अंश डावीकडे. पाच अंश डावीकडे. बस. ठेवा तसंच.

बाथरूमच्या भिंतीत पक्का बसवलेला स्टीलचा दांडा. नव्वद किलोपर्यंत वजन पेलतो, असं खोक्यावर लिहिलंय.

या सगळ्याचा एकमेकांशी संबंध आहे, पण तो जुळवत बसलं तर चहा गार होईल. तेव्हा सरळ माणसांपासून सुरुवात करू.

मास्तरीण. शाळेतली नव्हे, ड्रायव्हिंग स्कूलमधली. एकतीस वर्षं ती शेजारच्या सीटवर बसली. तिच्या पायाखाली जादा ब्रेक होता, आणि तोंडात जी जीभ होती तिला ब्रेक नव्हता. हजारो माणसांना तिने गाडी शिकवली. त्यातले निम्मे अजून रस्त्यात दिसले की आपोआप पाठ ताठ करतात.

तिचा नवरा पायलट. विमानाचा नव्हे, बंदराचा. बाहेरून मोठं जहाज आलं की याने दोरीच्या शिडीने वर चढायचं आणि ते धक्क्याला आणून लावायचं. ऐकायला फार मर्दुमकीचं वाटतं. प्रत्यक्षात सुकाणूला त्याने जन्मात कधी हात लावला नाही. सुकाणू धरायला खलाशी असतो. पायलट फक्त बोलतो. पाच अंश डावीकडे म्हणायचं, की तीन मजली लोखंड मुकाट्याने पाच अंश डावीकडे वळतं. अशी सवय लागलेल्या माणसाशी संसार कसा झाला असेल, ते विचारू नका. घरात खलाशी कोणीच नव्हता.

म्हणजे बघा, एका छपराखाली दोन माणसं, आणि दोघांनीही आयुष्यभर दुसऱ्याच्या हातांनी वळणं घेतली.

त्यांची एकुलती एक मुलगी विम्याचे दावे तपासते. चेपलेल्या बंपरचा फोटो बघून ती सांगते, हा माणूस खोटं बोलतोय. हे कौशल्य कुठून आलं, हे घरात कोणी विचारत नाही.

*

पूर्वी त्यांची थोरली बोट होती. बारा मीटर, दोन केबिन आणि ताठ उभं राहता येईल असा संडास. बावीस वर्षं त्या बोटीचे लाड झाले. पण दरवर्षी तिला क्रेनने वर काढून तळ खरवडायचा, म्हणजे पायलटचा गुडघा आणि मास्तरणीचा खांदा आधी खरवडून निघायचा. नाकापेक्षा मोती जड झाला. शेवटी त्यांनी ती विकली आणि छोटी घेतली. दोन बाक, एक बर्नर आणि रोज एकदा तरी डोक्याला लागणारं छप्पर. ट्रेलरवर घालायची, गाडीला जोडायची, आणि दिसेल त्या तळ्यात, नदीत, खाडीत सोडायची. क्रेन नको, धक्का नको, क्लबातले टोपीवाले नकोत.

आणि मग दोघांनी फ्लॅटही विकला, कपाट फुकट देऊन टाकलं.

"विकला?" मुलगी म्हणाली. "आणि थंडीत कुठे राहणार?"

"थंडीत बघू," मास्तरीण म्हणाली.

"बघू म्हणजे काय, आई?"

"बघू म्हणजे बघू."

मुलीने मात्र बघून ठेवलं होतं. तिच्या घराच्या मागची खोली तयार होती. बाथरूममध्ये तो दांडा. पलंगाशेजारी घंटेचं बटण. ड्रॉवरवर चिठ्ठ्या: औषधं सकाळ, औषधं संध्याकाळ, चष्मे. मास्तरणीने चालते का बघावी म्हणून घंटा दाबली. मुलगी चार सेकंदांत दारात हजर, हाताला कणीक तशीच.

"काय झालं?"

"काही नाही. वाजते का बघितलं."

तोपर्यंत मास्तरणीला म्हातारपणाची भीती कधी वाटली नव्हती. पण ज्या घरात बटण दाबल्यावर चार सेकंदांत माणूस येतो, त्या घरात आपल्याला साधी चूकसुद्धा निवांतपणे करता येणार नाही, हे तिला तिथेच कळलं.

मुलीने एक कागद तयार केला. सात अटी. लाइफ जॅकेट, रोजचा फोन, रक्तदाबाच्या गोळ्या, वाऱ्याचा अंदाज, हे पहिल्या चारांत. मुद्द्याच्या पुढच्या तीन:

५. बोट ट्रेलरवरून पाण्यात उतरवण्याचे काम आई व बाबा यांनी माझ्यासमोर, तिसऱ्या माणसाच्या मदतीशिवाय, पहिल्या प्रयत्नात करून दाखवावे.

६. त्यात बोटीला ओरखडाही येऊ नये.

७. न जमल्यास बोट विकून दोघांनी मागच्या खोलीत राहायला यावे. यावर चर्चा नाही.

दोघांनी सही केली. पायलटने सहीखाली वेळही घातली, जुनी सवय.

*

सराव एका बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानाच्या पार्किंगमध्ये झाला. दोन आठवडे. मागे ट्रेलर लावून गाडी रिव्हर्स घेणं म्हणजे रुसलेल्या माणसाला समजावणं. डावीकडे न्यायचं असेल तर उजवीकडे ओढायचं, आणि जास्त ओढलं की तो काटकोनात उभा राहतो.

स्टीअरिंगवर पायलट बसायचा. आता कोणीही विचारेल, मास्तरीणच का नाही बसली? तिला येत होतं, ती चांगलं चालवायची. पण तिचा धर्म असा, की ज्याला येत नाही त्याला चालवू द्यायचं. आणि खरं सांगायचं तर, आपणच चालवायला बसलो की बोलायचं कुणाला?

"अहो, उलटा फिरवा."

"उलटाच फिरवतोय."

"उलट्याच्या उलटा."

"म्हणजे सुलटा!"

"शब्दांत अडकू नका, आरशात बघा."

"अगं, मी दोन लाख टनांची जहाजं लावलीयेत."

"ती दुसऱ्याने लावलीत. तुम्ही चहा पीत होतात."

हे खरं असल्यामुळे पायलट त्यानंतर दीड तास बोलला नाही. त्या दीड तासात ट्रेलर दोनदा दिव्याच्या खांबाशी आणि एकदा कचराकुंडीशी ओळख करून आला. दोन आठवड्यांत एकूण एकदा सरळ गेला, तेव्हा दोघंही दुसरीकडे बघत होते.

*

रविवार सकाळ. तळ्यात उतरत जाणारा सिमेंटचा उतार. मुलगी फोन समोर धरून उभी. बाजूला घडीच्या स्टुलावर मासे धरायला बसलेला एक गळवाला, त्याने प्रकार ओळखून स्टूल दोन हात पुढे सरकवलं. बोटीचे पट्टे सोडलेले. पायलट स्टीअरिंगवर, मास्तरीण शेजारी.

परीक्षेला बसलेल्या पोरांना मास्तरीण सांगायची, परीक्षक वाघ नसतो. आज परीक्षक तिच्या पोटची होती, आणि वाघ परवडला असता.

पायलटने गाडी उताराच्या तोंडाशी आणली आणि काय आश्चर्य, ट्रेलर पाण्याकडे नीट तोंड करून उभा राहिला. त्याचा आपल्या नशिबावर विश्वास बसेना. त्याने हँडब्रेक ओढला, गिअर काढला आणि दार उघडलं.

"कुठे निघालात?"

"मागे किती पाणी आहे ते बघतो आणि येतो. दोरीही घेतो हातात."

तो मागे गेला. पाण्याच्या काठावर उभा राहिला. एका हातात बोटीची दोरी, दुसरा हात पाठीमागे, समोर पाणी. आणि पुढचे एकोणीस सेकंद मुलीच्या फोनमध्ये जसेच्या तसे आहेत.

सेकंद एक. पायलटची छाती आपोआप भरून येते. तो खणखणीत आवाजात हुकूम देतो, "अगदी सावकाश मागे!" हा हुकूम पाळणारा माणूस तो स्वतःच आहे, हे त्याच्या ध्यानात नाही.

सेकंद तीन. मास्तरीण हुकूम ऐकते. तिच्या शेजारी ड्रायव्हरच्या सीटवर कोणी नाही, पण एकतीस वर्षांत तिने त्या सीटकडे फारसं बघितलेलंच नाही. ती समोर आणि आरशात बघते. "ऐकलंस ना? घाबरू नकोस, मी आहे," असं ती त्या रिकाम्या सीटला सांगते आणि हजारो थरथरत्या पोरांसाठी सोडला होता तसाच हँडब्रेक स्वतःच्या हाताने सोडते. उजवा पाय ब्रेकवर.

सेकंद पाच. तिथे ब्रेक नाही. ही घरची गाडी. तिथे पायपुसणं आहे.

सेकंद सात. मास्तरीण पायपुसणं आणखी जोरात दाबते.

सेकंद नऊ. मुलगी: "आई! गाडीत कोणी नाहीये!"

सेकंद दहा. गळवाला: "आहे की. बाई आहे."

सेकंद बारा. मास्तरीण हँडब्रेक ओढते. मागची चाकं जागच्या जागी थांबतात, पण खाली शेवाळ आहे, म्हणून गाडी थांबत नाही. पायलट उतारावरून बाजूला होतो, दोरी न सोडता. "ठेवा तसंच!" तो ओरडतो. "एकदम सरळ! वा!"

सरळच होतं. सुतासारखं सरळ. स्टीअरिंगला हात लावणारं कोणी नसल्यामुळे दोन आठवड्यांत पहिल्यांदाच ट्रेलरला कोणी अक्कल शिकवत नव्हतं.

सेकंद सोळा. बोट ट्रेलरवरून अलगद उठते आणि तरंगते.

सेकंद एकोणीस. ट्रेलरची चाकं उताराच्या टोकाशी खाचेत अडकतात. गाडी थांबते. पाणी मास्तरणीच्या मांडीपर्यंत. तिच्या तोंडून निघतं, "ठीक आहे. आता सिग्नल बंद कर."

*

ती दार ढकलून बाहेर आली. कमरेएवढं पाणी, पर्स डोक्यावर. मुलगी बुटांसकट पाण्यात उतरून तिचा दंड धरत होती.

"लागलं का? आई, बोल! लागलं का तुला?"

"हात नको लावूस."

"काय?"

"हात लावू नकोस म्हणते ना. पाचवी अट. तिसऱ्या माणसाची मदत नको."

मुलीने चटका बसल्यासारखा हात काढला. मग तिने खिशातून तो कागद काढला. खरंच काढला, मायलेकी एकाच मातीच्या. ओठ हलवत तिने तो वाचला. पहिला प्रयत्न. समोर. तिसऱ्या माणसाशिवाय. ती बोटीकडे गेली, वाकून दोन्ही बाजू तपासल्या, जशी ती लोकांच्या गाड्या तपासते. ओरखडा नव्हता. तिने कागद पुन्हा वरून खाली वाचला आणि तिचा चेहरा उतरला. लोकांच्या कागदांतली फट शोधून पगार घेणाऱ्या बाईने सात अटी लिहिल्या होत्या, आणि त्यांत गाडी हा शब्दच नव्हता.

"हे चालणार नाही," ती म्हणाली. "आई, तू बुडली असतीस."

"कमरेएवढ्या पाण्यात?"

"हसू नकोस!" ती मटकन उतारावर बसली आणि तिला रडू कोसळलं. "तुम्हाला सगळी गंमत वाटते. फोन वाजला की माझ्या पोटात धस्स होतं. तुम्हाला माहितीये?"

पायलट दोरी धरून लांब उभा होता. अशा वेळी कुठला हुकूम द्यायचा ते त्याला कोणी शिकवलं नव्हतं. मास्तरीण निथळत मुलीशेजारी बसली. तिने आधी चपला काढून त्यांतलं पाणी झटकलं.

"धस्स होणारच," ती म्हणाली. "मी पोरांना रस्त्यावर सोडलं, त्यातल्या प्रत्येकाच्या वेळी मला झालं. तरी सोडलं. शेजारी बसून जन्म जात नाही गं कुणाचा."

"ते अठरा वर्षांचे होते."

"म्हणून तर जास्त भीती होती."

मुलीने नाक पुसलं. गळवाल्याने विचारलं, गाडी बाहेर काढायची व्यवस्था कोण बघणार, कारण मासे पळालेत. मुलगी उठली. "मी बघते," ती म्हणाली, आणि फोनवर एवढ्या कडक आवाजात टोइंगवाल्याशी बोलू लागली, की मास्तरणीला मनातून अभिमान वाटला. मग फोनवर हात ठेवून मुलगी म्हणाली, "रोज फोन. सकाळी पण. जा आता, माझा विचार बदलायच्या आत."

पायलटने मास्तरणीला बोटीत चढवलं, मग स्वतः चढला, छपराला डोकं आपटलं, शिवी दिली. मागे सुकाणूचा दांडा होता, एकच. दोघंही त्याच्याकडे बघत उभे राहिले.

"तू धर," पायलट म्हणाला, "मी सांगतो."

"तुम्ही पुढे बसा आणि तोंड मिटा."

तिने दांडा धरला. बोट पहिल्यांदा उजवीकडे गेली, मग फारच डावीकडे, मग काठावरच्या गळवाल्याच्या दिशेने, तेव्हा तो स्टूल उचलून उठला. पायलटचे ओठ दोनदा उघडले आणि दोनदा मिटले. मग बोट वळली आणि मोकळ्या पाण्याला लागली.

मुलगी जन्मली त्या दिवशी पायलट बंदराबाहेर नांगरलेल्या एका जहाजावर होता, आणि मास्तरीण तेव्हाही, शेजारी सांगणारं कोणी नसताना, स्वतः गाडी चालवत हॉस्पिटलात गेली होती.