खेळणं म्हणून आलेला फ्रॉक

लहान मुलांचे कपडे परदेशातून आणायचे म्हटले, की व्यापाऱ्याच्या कपाळाला आठ्या पडतात. कपड्यांवर कर जास्त, शिवाय कापड किती चटकन पेट घेतं याची चाचणी. या आठ्या घालवणारा एक कस्टम एजंट बंदराबाहेरच्या इमारतीत बसत असे. बाजारात त्याला 'पळवाट' म्हणत आणि हे नाव ऐकून तो खुलत असे. अशा माणसांना आपणही कौतुकाने हुशार म्हणतो, हे विसरायला नको.

त्या वर्षी परीचे जांभळे फ्रॉक येणार होते. झिरझिरीत जाळीचे, पाठीला पंख लावलेले. नियम असा होता, की नीट शिवलेला, धुऊन पुन्हा वापरता येईल असा असेल तर तो कपडा. तकलादू असेल तर ते सोंगाचं सामान, म्हणजे खेळणं. खेळण्यावर कर कमी आणि कापडाची आगीची चाचणी नाही. पंचाईत एवढीच, की नमुन्याचा फ्रॉक चांगला शिवलेला होता. पळवाटने व्यापाऱ्याला सल्ला दिला, की कारखान्याला सांगा, किनार दुमडू नका, बटणं काढून चिकटपट्टी लावा, शिवण कच्ची ठेवा. माल आला. कस्टमच्या अधिकाऱ्याने किनार ओढली, धागे हातात आले आणि त्याने खेळणं म्हणून शिक्का मारला. दुकानदारांनी मात्र ते फ्रॉक कपड्यांतच टांगले.

पळवाटची थोरली बहीण सरकारी इस्पितळात, भाजलेल्या रुग्णांच्या विभागात नर्स होती. एका दुपारी ती ड्यूटीवरून थेट त्याच्या ऑफिसात आली. सहा वर्षांची मुलगी, वाढदिवसाची मेणबत्ती आणि पंखांचा फ्रॉक, एवढं तिने सांगितलं. जाळी वितळून कातडीला चिकटली होती आणि ती चिमट्याने काढायचं काम हिच्याकडे होतं.

"रंग कोणता होता?" त्याने विचारलं. मुलगी कशी आहे, हे विचारायचं त्याला सुचलं नाही.

"जांभळा."

त्याचा चेहरा उतरला, पण जीभ सरावलेली होती. "ताई, कायद्याने ते खेळणं आहे. कुणी अंगात घालून मेणबत्तीपाशी उभं केलं, तर मी काय करू?"

"अंगात घालतात तो कपडा. तू कागदावर काहीही लिही. कातडी तुझा कागद वाचत नाही."

त्याच फ्रॉकची दुसरी खेप बंदरात पडून होती. ती थांबव, असं तिने सांगितलं. मी थांबवली तर व्यापारी दुसरा एजंट गाठेल, हे त्याचं उत्तर तयारच होतं. मग एकदा येऊन बघ तरी, असं म्हणून तिने त्याला जवळजवळ ओढतच नेलं.

ते पोचले तेव्हा मुलगी गेली होती. आई बाहेर बाकावर बसली होती. हा माझा भाऊ, परदेशी मालाचं काम करतो, असं बहिणीने सांगितलं.

आईने मान वर केली. "भाऊ, तसलाच फ्रॉक मिळेल का हो? जांभळाच. शेवटचा तोच घालावा म्हणते तिला. फार आवडायचा."

बंदरात तसल्या फ्रॉकची खोकीच्या खोकी होती. पळवाटला या वेळी वाट सापडली नाही. त्याने तिला सगळं सांगितलं, किनारीचंसुद्धा.

"म्हणजे मुद्दाम कच्चा शिवायला सांगितलात?"

"हो."

"टोचत होती तिला ती कड. मी हाताने दुमडून शिवून दिली होती." एवढंच बोलून तिने तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी त्याने ती खेप कपडे म्हणून जाहीर केली. चाचणीत फ्रॉक भुर्रकन पेटला आणि सगळा माल जप्त झाला. व्यापाऱ्याने त्याला शिव्या घालून काम काढून घेतलं, आणि विकले गेलेले फ्रॉक परत मागवा, असं सांगत तो दुकानोदुकानी फिरला, तेव्हा दुकानदारांनी त्याला वेड्यात काढलं. पंख लावलेल्या मुली आजही कुठेतरी मेणबत्त्या फुंकत असतील.

वाचकहो, एखाद्या वस्तूला काय म्हणायचं, हे टेबलामागे बसून आपल्यापैकी अनेकजण ठरवतात. ती कुणाच्या अंगाला लागणार आहे, हे आधी विचारा! नियमात बसलं म्हणून पाप फिटत नाही. त्या आईने त्याला क्षमा केलेली नाही, आणि तिने ती करावी असं त्यालाही वाटत नाही.