धम्मपालचा की सुमनबाईंचा?

मी एक लॅपटॉप. बोलतोय खरा, पण मी नेमका कुणाचा, याचा घोळ माझ्या मनात अजून मिटलेला नाही. ऐकून बघा, तुम्हाला उमगतं का.

माझा जन्म कुठल्यातरी दूरदेशी कारखान्यात झाला. ते आता आठवत नाही. आठवतं ते नाशिकच्या कॅनडा कॉर्नर चौकातलं दुकान. साल दोन हजार पाच. माझ्या एका बाजूला पातळ, हलका लॅपटॉप होता, दुसऱ्या बाजूला एक दांडगा, जड. मी मधला.

धम्मपाल आणि त्याची बायको चैताली आत आले. धम्मपाल सातपूरच्या छोट्या कारखान्यांना डायची, म्हणजे लोखंडी साच्यांची, डिझाइनं करून द्यायचा. तो हलक्याला उचलून बघायचा, मग जडाला, मग पुन्हा हलक्याला.

"दिवसभर गाडीवर पाठीला राहणार, म्हणून हलका हवा," तो दुकानदाराला म्हणाला. "पण माझी ड्रॉइंगं उघडायची तर ताकदही हवी."

"आणि स्क्रीन मोठी," चैताली म्हणाली. "आईंना चित्रं नीट दिसली पाहिजेत."

"कामासाठी घेतोय ना आपण?"

"घरासाठीपण. कालच बोललो की आपण."

दुकानदार हसला. "साहेब, सगळं एकात नाही मिळत. काय सोडायचं ते ठरवा."

दोघांना काहीच सोडायचं नव्हतं, म्हणून त्यांनी मला घेतलं.

धम्मपालची आई सुमनबाई. त्यांना अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवा हात गेला आणि बोलणंही. कळायचं सगळं, पण शब्द ओठांवर येत नव्हता. रोज चित्रं दाखवा, शब्द ऐकवा, असं वाचेवर उपचार करणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं. चैताली शाळेत चित्रकला शिकवायची. तिने पाणी, चहा, पंखा, दात, पोट अशी चित्रं काढून माझ्यात घातली आणि प्रत्येकाला स्वतःचा आवाज दिला. सुमनबाई डाव्या हाताने त्या-त्या चित्राचं बटण दाबायच्या, आणि मी चैतालीच्या आवाजात म्हणायचो, "पाणी."

पण हे संध्याकाळी. दिवसा मी सातपूरला असायचो. मशीनच्या धडधडीत डायची ड्रॉइंगं उघडताना मला त्या बटणांची आठवण यायची, आणि घरी चित्रं दाखवताना राहिलेली ड्रॉइंगं आठवायची. कुठेच धड लक्ष लागत नव्हतं.

एकदा आम्ही घरी आलो तर सुमनबाई रडत होत्या. दिवसभर सोबतीला बसणाऱ्या शेजारच्या गोजराबाई हैराण झाल्या होत्या. "पानी दिलं, चहा दिला, पंखा लावला," त्या म्हणाल्या. "काय पायजे ते कळंचना, बाबा."

धम्मपालने मला घाईने उघडलं. सुमनबाईंनी दाताचं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. दाबतच राहिल्या. मी "दात, दात" म्हणत राहिलो. सकाळपासून त्यांची दाढ ठणकत होती.

दुसऱ्या दिवशी धम्मपाल मला घरीच ठेवून गेला. दुपारी त्याच्या गिऱ्हाइकाचा, खंडेरावांचा, घरी फोन आला. पलीकडून काय बोलले ते ऐकू आलं नाही. शाळेतून रजा घेऊन घरी राहिलेली चैताली तेवढी म्हणत होती, "हो साहेब. लॅपटॉप घरीच राहिला." ड्रॉइंगं दाखवता न आल्याने ते काम दुसऱ्याकडे गेलं. मी पलंगावर बसून होतो, आणि आपण योग्य जागी आहोत की चुकलोय, ते मला कळत नव्हतं.

मग एक दिवस घर, एक दिवस कारखाना असं सुरू झालं. धम्मपाल रोज सकाळी मला बॅगेत घालायचा, बाहेर काढायचा, पुन्हा घालायचा.

अशाच एका सकाळी मी सुमनबाईंच्या मांडीवर होतो. लहान अंगात मोठी ताकद, त्यामुळे मी फार गरम व्हायचो. त्यांनी मला हाताने ढकललं. मी घाबरलो. पडतो की काय वाटलं. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "ता... तापलं."

हा शब्द माझ्यात कुठेच नव्हता.

चैतालीच्या हातातलं ताट तसंच राहिलं. पुढच्या काही महिन्यांत "धम्मा" आलं, "चहा" आलं. एकदा धम्मपाल मला घेऊन दारात घुटमळत होता, तेव्हा सुमनबाईंनी डाव्या हाताने बॅगेची चेन स्वतः ओढली.

"ने," त्या म्हणाल्या. "काम कर. मी... बोलते."

मला आनंद झाला की वाईट वाटलं, ते खरंच सांगता येत नाही.

चार वर्षं गेली. माझी बॅटरी निकामी झाली, बिजागरी सैल झाली. धम्मपाल नवा घ्यायला मला घेऊन त्याच दुकानात आला. या खेपेला सुमनबाईही काठी टेकत सोबत आल्या. जुना बदल्यात देऊन टाका, असं दुकानदार म्हणाला.

"नाय," सुमनबाई म्हणाल्या. "हा नाय द्यायचा. सुलाबाईला... देऊ."

सुलाबाई आमच्याच गल्लीतल्या. दिवाळीनंतर त्यांचीही वाचा गेली होती. घरी आल्यावर सुमनबाईंनी चैतालीला शेजारी बसवलं आणि प्रत्येक चित्राला स्वतःचा आवाज दिला. अडखळत, थांबत, चुकलं तर पुन्हा म्हणत.

आता मी सुलाबाईंच्या उशाशी असतो. म्हणजे आता मी कुणाचा? धम्मपालचा, सुमनबाईंचा की सुलाबाईंचा? जाऊ द्या. विनंती एकच आहे. माझी वायर कुणी काढू नका, वायर निघाली की मी लगेच बंद पडतो. सुलाबाई आत्ता कुठे सुमनबाईंच्या आवाजामागे ओठ हलवू लागल्या आहेत.