पहिल्या पानावरचा शब्द

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे, निळ्या कापडी बांधणीची. मला कोणी शब्दकोश म्हटलं की बरं वाटतं. उर्सुलाबाई मात्र मला ‘सरांची दुसरी बायको’ म्हणतात.

माझे मालक फ्रेडरिक सर, म्हणजे उर्सुलाबाईंचे नवरे, वसईतल्या शाळेत मराठी शिकवायचे आणि कविता करायचे. शब्द कुठून आला हे कळल्याशिवाय तो कवितेत घ्यायचा नाही, असा त्यांचा हट्ट. त्यासाठी त्यांनी माझ्यावर तीन रकाने आखले. शब्द, त्याचं मूळ आणि तो कोणी दिला. ‘घमेलं’ पोर्तुगिजांच्या लाकडी ‘गामेला’वरून आलं, हे त्यांनी ग्रंथालयात शोधलं. पण तिसऱ्या रकान्यात नाव लिहिलं धोंडूबाईंचं. त्या चांदीप गावाहून भाजी घेऊन दारावर यायच्या.

एकदा त्यांच्याच तोंडचा ‘पानी’ सरांनी ‘पाणी’ असा शुद्ध करून लिहिला आणि वाचून दाखवला. धोंडूबाई टोपली उचलता उचलता थांबल्या.

“पानी म्हनले मी, मास्तर. तुमचा ण माज्या तोंडात कशाला कोंबता?”

सरांनी मुकाट्याने खोडलं आणि ‘पानी’ लिहिलं. ती खाडाखोड माझ्या अंगावर अजून आहे. मला तिचा भारी अभिमान आहे.

माझं पहिलं पान मात्र झाकलेलं होतं. लग्न झालं त्या वर्षी सरांनी तिथे लिहिलं होतं, ‘उर्सुला. मूळ लॅटिन. अर्थ, लहानसं अस्वल. कोणी दिला, सासूबाईंनी. टीप: गुरगुरते, चावत नाही.’ बाईंनी ते वाचलं आणि दोन दिवस घरात फक्त भांडी बोलली. तिसऱ्या दिवशी त्यांनी मैद्याची खळ केली आणि त्या पानावर कॅलेंडरचा कागद चिकटवून टाकला.

पुढे सर निवृत्त झाले, हातात मोबाइल आला आणि मी कपाटावर गेले, नाताळच्या गोठ्यातल्या पुतळ्यांच्या खोक्याखाली. खोटं कशाला सांगू, मी रुसले होते.

यंदा ईस्टरनंतर सरांना पक्षाघाताचा झटका आला. हातपाय सावरले, पण शब्द गेले. चहाला ‘दार’ म्हणत, दाराला काहीच नाही. बाईंकडे बघून ओठ हलवत, पण नाव येत नसे. दिवसातून शंभरदा हाक मारणारा माणूस! बाई स्वयंपाकघरात जाऊन रडायच्या आणि तोंड धुऊन बाहेर यायच्या.

डॉक्टर म्हणाले, त्यांच्याशी बोलत राहा. काय बोलावं ते सुचेना, म्हणून बाईंनी मला खाली काढलं. रोज एक पान वाचू लागल्या. ‘घमेलं’ वाचलं, मूळ वाचलं. सर छताकडेच बघत होते. मग त्या म्हणाल्या, “अहो, हा धोंडूबाईंनी दिलेला.”

सरांनी बोट वर केलं. “पानी,” ते म्हणाले. ण नाही, न!

त्या दिवसापासून बाई तिसरा रकाना आधी वाचायला लागल्या. काही शब्द परत आले, काही नाही. बाईंचं नाव काही येईना. शेवटी त्यांनी माझ्या पहिल्या पानाला नख लावलं. कसरीने खळ केव्हाच खाल्ली होती, अक्षरं तेवढी सोडली होती. कागद अलगद निघाला.

“कोणी दिला, सासूबाईंनी,” बाई वाचत होत्या. “टीप: गुरगुरते, चावत...”

सरांचा वाकडा झालेला ओठ थरथरला. ते चक्क हसले.

“अस्वल,” ते म्हणाले. मग बाईंकडे बघत, हाक मारतात तसं, “अस्वल!”

मित्रांनो, शब्द लिहून ठेवाल तेव्हा तो देणाऱ्याचं नावही लिहा आणि जुनी वही रद्दीत टाकण्याआधी एकदा उघडून बघा. एवढंच माझं मागणं आहे.

‘उर्सुला’ हा शब्द सरांना अजून सापडलेला नाही. ते ‘अस्वल’ अशीच हाक मारतात आणि बाई कुठेही असल्या तरी ओ देतात.