जांभळ्या अभ्रकाची लाल ज्योत

अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. एरवी तिथे गावातली लग्नं लागतात आणि म्हातारे पत्ते कुटतात. त्या रविवारी चर्च सुटल्यावर सगळं गाव तिथेच लोटलं होतं. खिडक्यांना घोंगड्या लावलेल्या. टेबलावर पत्र्याची ताटली, तिच्यात आमचीच घरी गाळलेली प्लमची दारू, आणि वर निळी ज्योत.

"निळी जळते म्हणजे माल अस्सल," बाहेरून आलेला, आजार उतरवून देतो म्हणणारा रादोमिलबुवा म्हणाला. "तुम्हा मोराव्हियाच्या लोकांना हे मी काय सांगायचं!"

लोक खूश होऊन हसले. आमच्याकडे पाहुणा आला की चमचाभर दारू पेटवून दाखवतात. पाद्री खोटं बोलेल, सोयरा खोटं बोलेल, ज्योत बोलणार नाही, असं आम्ही पिढ्यान्‌पिढ्या मानत आलो. बुवाने नेमकी तीच नस धरली होती.

त्याने पिशवीतून जांभळा दगड काढून माझ्या धाकट्या बहिणीच्या, बोहदानाच्या, मुठीत दिला. हा आमच्याच टेकडीचा अभ्रक. रंग लिलाकच्या फुलांसारखा, सुरीचं टोक लावलं तर माशाच्या खवल्यांसारखे चमचमते पापुद्रे सुटतात. आम्ही तो बागेच्या कुंपणात आणि थडग्यांवर बसवतो.

"ताई, सगळं दुःख याला देऊन टाक," असं म्हणत बुवाने दगड परत घेतला आणि ताटलीत सोडला. ज्योत रक्तासारखी लाल झाली.

"जळतोय! आजार जळतोय!"

बायकांनी छातीवर क्रूस काढले. बोहदाना रडू लागली. बुवाने तिच्या गालावरचा अश्रू अंगठ्याने टिपला आणि सगळ्यांसमोर तो अंगठा चाटला. "कडू आहे. विष उतरतंय."

"या दगडात लिथियम आहे," तो पुढे म्हणाला. "डॉक्टरच्या गोळीतही तेच. पण गोळी कारखान्यातली, मेलेली. हा जिवंत! पाण्यात ठेवा, पाणी प्या. गोळ्या टाका या टोपलीत."

दगडात लिथियम असतं हे खरं. म्हणूनच ती थाप पचली. अर्ध्या सत्यासारखं घाणेरडं खोटं नाही.

बोहदाना त्या गोळीवरच उभी होती. तिचं मन कधी गगनाला भिडे, कधी विहिरीत जाई. एकदा तर तिला रेल्वेच्या रुळांवरून उचलून आणली होती. गोळी सुरू झाल्यापासून कितीतरी वर्षं ती शांत होती. आता तिने गोळ्या टोपलीत टाकल्या आणि टेकडीवरून वेचून आणलेल्या दगडाचं पाणी पिऊ लागली. थोड्याच दिवसांत तिची झोप उडाली. घरातल्या पिसांच्या सगळ्या गाद्या तिने अंगणात फाडल्या.

"दादा, छपरावर चढते हो," तिचा नवरा स्तिबोर मला म्हणाला. "म्हणते, वारा बोलावतोय. गोळीचं नाव काढलं की म्हणते, ज्योत पाहिली नाहीस का?"

बुवाचा खेळ दर रविवारी चालूच होता. मी तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंना, मिलोस्लावाबाईंना, गाठलं. पुढच्या रविवारी त्या हॉलमध्ये आल्या. बोहदाना पुढच्याच बाकावर होती, ओठ फुटलेले, डोळे भिरभिरणारे.

"बुवा, दगड तुमचाच घ्या," बाई म्हणाल्या. "फक्त नळाखाली धुऊन आणा."

"धुतला तर शक्ती जाते, बाईसाहेब."

"डोंगरावर युगानुयुगं पाऊस खाऊन गेली नाही, ती नळाने जाईल?"

मागून कोणीतरी फिस्सकन हसलं. स्तिबोरने टेबलावरचा दगड उचलला, मोरीत खसखसून धुतला आणि ताटलीत टाकला. ज्योत निळीच्या निळी. बाईंनी बोहदानाच्या घरून आणलेलं दगडाचं पाणी चमचाभर ताटलीत ओतलं. तरी निळीच.

मग त्यांनी टोपली पालथी केली. रक्तदाबाच्या गोळ्या होत्या, हृदयाच्या होत्या. लिथियमची एकही नव्हती.

"त्या कुठे गेल्या?"

बुवाने पिशवी पोटाशी धरली. स्तिबोरने ती हिसकावली. आत एक बाटली होती, उघडताच व्हिनेगरचा भपकारा आला. बाईंनी तिच्यातले चार थेंब ताटलीत टाकले. ज्योत लाल भडकली.

"लिथियम जळतं तेव्हा लालच जळतं," बाई म्हणाल्या. "दगडातलं दगडातच घट्ट अडकलेलं असतं, पाण्यात उतरत नाही. भट्टीत वितळवावं लागतं, काचवाले तसंच करतात. याने आधी दुसऱ्या गावांच्या, मग तुमच्या गोळ्या कुटून व्हिनेगरमध्ये विरघळवल्या आणि दगड त्यात बुडवून आणले."

बोहदाना उठली. "माझ्या गोळ्या?" तिने बुवाला विचारलं. "माझंच औषध माझ्यासमोर जाळलंत?"

"ताई, श्रद्धा..."

"गप्प बस!" ती ओरडली आणि डॉक्टरीणबाईंपुढे हात पसरून म्हणाली, "मला घेऊन चला. मला झोप हवीय."

इस्पितळातून ती बर्फ पडायच्या आत परत आली. त्या रविवारीच पोलिसांच्या गाडीत बसलेल्या बुवासाठी गावात दोन बायका रडल्या, हेही सांगून ठेवतो.

लोकहो, आपल्या टेकडीचा दगड सुंदर आहे. खिडकीत ठेवा, पोरांना त्याचे पापुद्रे सोडवू द्या. पण औषध बंद करायचं ते डॉक्टरला विचारून. आणि आजाऱ्याच्या हातातली गोळी काढून घेणारा कोणी चमत्कार दाखवू लागला, तर त्याला आधी एवढंच सांगा: दगड धुऊन आण.