चकलीची खातिरदारी

नागपूरलगतच्या वाडी गावात देवरावांच्या घरी पाहुणा आला, की त्याला आधी कूलरसमोर बसवायचं; चहा-पाणी नंतर. गल्लीत सगळ्यांत आधी, भर मार्चमध्ये, कूलर लागतो तो त्यांच्याकडेच. पाहुणा गारठून खुर्ची मागे ओढू लागला तरी देवराव ती पुन्हा पुढे सरकवतात.

त्यांची सून रोशनी मिहानमध्ये, विमानतळाजवळच्या कंपन्यांच्या वसाहतीत, नोकरीला. लग्नानंतर महिन्याभरातच तिने पुण्याच्या मैत्रिणीकडून हातभर लांबीचा एक परदेशी पाळीव अजगर आणला, वनखात्याच्या नोंदणीच्या कागदासकट. पहिल्या दिवशी देवराव पलंगावर पाय वर घेऊन बसले होते. दुसऱ्या दिवशी ते वेटोळं बघून त्यांनीच त्याचं नाव चकली ठेवलं.

रोशनीने काचेची पेटी मधल्या खोलीच्या कोपऱ्यात मांडली. खाली ऊब देणारी विजेची चटई, आत लपायला पालथं मडकं. "बाबा, हिले हात नका लावू," एवढंच ती म्हणाली. सून मुळात कमी बोलायची, आणि देवरावही तिला काही विचारायचे नाहीत.

तीन आठवडे झाले तरी चकली खाईना. उंदीर दिसला की मडक्याखाली तोंड लपवायची. रोशनी दर रविवारी तिला स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलायची आणि दर रविवारी वजन बघून तिचं स्वतःचं तोंड आणखी उतरायचं. शेवटी गुरुवारी ती नवऱ्याला, संघपालला म्हणाली, "रविवारी परत देऊन येऊ. माझ्या हातून नाही रुळली ते."  बाहेर बसलेल्या देवरावांना ते ऐकून फार वाईट वाटलं. पोरीने या घरात हौसेने आणलेली ही पहिलीच गोष्ट होती.

शुक्रवारी दोघं कामाला गेल्यावर देवरावांनी रोजच्यासारखी चटईची वायर काढली, पेटी उचलली आणि कूलरसमोर आणून ठेवली. हो, रोजच्यासारखी. चकलीला हात लावायचा नाही हे त्यांनी अक्षरशः पाळलं होतं. पेटीबद्दल कोणी काही बोललं नव्हतं. नवीन जीव घरात आलेला, त्याला कोपऱ्यात उकडत कसं ठेवायचं? संध्याकाळी सहाच्या आत पेटी पुन्हा जागच्या जागी.

त्या दिवशी मात्र त्यांची नजर पेटीतल्या तापमापकावर गेली. उचलताना एकतीस होतं. अर्ध्या तासात तेवीस. देवरावांनी कारखान्यात बॉयलरवर तीस वर्षं काटे वाचले होते. एवढे दिवस हाच काटा कसा वाचला नाही, म्हणून त्यांना स्वतःचाच राग आला. कूलरच्या घरघरीने पेटीची काचसुद्धा थरथरत होती. उबेतला जीव असा रोज गारठला, हादरला, तर खाणार कसा?

गप्प बसले असते तर कोणाला कळणार नव्हतं. पण रोशनी जन्मभर स्वतःलाच बोल लावत राहिली असती. ती घरी आल्या आल्या त्यांनी सगळं सांगून टाकलं.

रोशनीच्या कपाळावर आठी चढली. "रोज उचलून राहिले होते तुम्ही?"

"रोज," देवराव म्हणाले.

तिने चटईची वायर नीट लागली आहे ना ते पाहिलं. पेटीवर चादर टाकली आणि पुण्याला फोन करून रविवारचं रद्द केलं. चकलीला निवांतपणा मिळावा म्हणून पुढे आठ दिवस घरात कोणी त्या कोपऱ्याकडे फिरकलं नाही. सासऱ्याशीही ती कामापुरतंच बोलत होती, आणि ते देवरावांना लागत होतं.

नवव्या दिवशी संध्याकाळी रोशनी ओसरीवर आली. "खाल्लं बाबा तिनं."

देवरावांना हायसं वाटलं. "पाहुणीले जेवण गेलं म्हणायचं एकदाचं."

"ते पाहुणी नाही," रोशनी त्यांच्या शेजारी पायरीवर बसली. "अन् मीबी नाही. दोन महिने झाले, मलेबी तुम्ही कूलरसमोरच बसवून राहिले. एक काम सांगत नाही का काही विचारत नाही."

 देवराव खाली मान घालून म्हणाले, "माह्या बीपीच्या गोळ्या आणून देशील का वं? संपल्या."

"कधी?"

"चार दिवस झाले."

"चार दिवस?" रोशनी ताडकन उठली. "अन् सांगितलं काहून नाही?" गाडीची चावी घेऊन ती फाटकाबाहेर पडली तरी तिचं बोलणं चालूच होतं, आणि देवराव ते सगळं ऐकून घेत होते.