सामेहचा मजला

नशवानं गच्चीवरच्या सळईवर किल्ली घासली, तसे गंजाचे पोपडे तिच्या बुटांवर पडले. तिनं शेजारची सळई घासली. तिचीही तीच गत.

मन्सूरा शहरात घर बांधणारा बाप खांबांच्या सळया अशाच वर मोकळ्या सोडतो. मुलाचं लग्न ठरलं की त्यांच्यावर पुढचा मजला चढतो. नशवाच्या वडिलांनी, हाजी मितवल्लींनी, या सळया सोडल्या तेव्हा तिचा भाऊ सामेह रांगत होता. आता ईदनंतर त्याचं लग्न होतं, आणि मुलीकडच्यांनी राहायला वेगळा मजला हवा म्हणून अट घातली होती.

"काय बाशमुहंदिसा, घासून चकचकीत करतेस की काय?" कंत्राटदार अतवा म्हणाला.

बाशमुहंदिस म्हणजे मोठे इंजिनिअरसाहेब. गल्लीत हा मान आजवर अतवाचा होता. कॉलेजची पायरी तो कधी चढला नव्हता, पण हाक मारली की झोकात ओ द्यायचा. नशवानं मात्र आदल्याच दिवशी अभियंता संघात हात वर करून शपथ घेतली होती. आता नकाशावरच्या तिच्या सहीला किंमत होती. हाजींनी तिचं ओळखपत्र गल्लीभर मिरवलं होतं आणि घरोघरी बसबूसाची मिठाई वाटली होती. सहीसाठी आता कुणाच्या दारात उभं राहायला नको, असंही ते प्रत्येक घरी सांगून आले होते.

"बाबा, यांच्यावर मजला चढवता येणार नाही," नशवा म्हणाली. "खालचे खांबही ओल धरून बसलेत. नखानं टोकरलं तरी सिमेंट निघतंय."

"अगं, अख्खी गल्ली अशीच उभी आहे," अतवा म्हणाला. "तू नुसती सही कर. मजला उभा करायचं माझ्याकडे लागलं."

"आणि पडला तर?"

"तुझ्या जिभेला काही हाड? शुभ बोल की जरा!"

हाजी सळईपाशी आले. "नशवा," ते हळूच म्हणाले, "तुझ्या भावाचं लग्न मोडेल."

कॉलेजच्या दर परीक्षेला हाजींनी तिला स्कूटरवरून सोडलं होतं, आणि पेपर संपेपर्यंत फाटकाबाहेर उन्हात उभे राहिले होते. आता याच माणसाला नाही म्हणायचं होतं.

"मी सही करणार नाही, बाबा. आणि दुसऱ्या कुणाकडूनही आणू नका. खाली आई झोपते."

हाजी जिना उतरून गेले. रात्री ते घाईनं जेवले आणि फोन घेऊन आतल्या खोलीत गेले. आईनं ताटात वाढलेल्या मुलुखियेच्या पातळ भाजीकडे नशवानं नुसतं बघितलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ऑफिसातून परतताना कहवाखान्यातून बापाचा आवाज आला, आणि ती कनातीआड थबकली.

"सख्ख्या बापाला नाही म्हणाली!" हाजी टेबलावर हात आपटत होते. "मी समोर उभा, अतवा समोर उभा, भावाच्या लग्नाचा प्रश्न. पण ढिम्म हलली नाही!"

"फारच झालं," कुणीतरी चुकचुकलं. "माझ्या मुलीनं असं केलं असतं ना…"

"तुझ्या मुलीला जमलं नसतं," हाजी म्हणाले.

"मग सामेह राहणार कुठं?"

"भाड्यानं राहील. काल रात्रीच व्याह्यांना फोन करून सांगितलं. कुरकुरले थोडे. म्हटलं, आमच्या इंजिनिअरनं नाही म्हटलंय, विषय संपला."

मसालेवाला जाबिर खुर्ची ओढून जवळ सरकला. "हाजी, आमच्या सज्ज्याला तडा गेलाय. तिला एकदा बघून जायला सांगाल?"

"येईल की. पण आधीच सांगून ठेवतो, ओळख दाखवायची नाही, गोड बोलायचं नाही. पाडा म्हणाली की पाडायचं." हाजी मागे टेकून ऐसपैस बसले. "बापाचं ऐकलं नाही तिनं, तुझं काय ऐकणार?"

आणि त्यांनी सगळ्यांसाठी चहा सांगितला.